लोकर, पुस्तकं आणि मोबाईल: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न, बेळगावातून

मी अनगोळात राहते. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर स्टॉक आणि बिलिंगचं काम बघते आणि उरलेल्या वेळात एका हातात सुया नाहीतर पुस्तक असतंच. बसमध्ये, हळदीकुंकवाला, संमेलनाच्या मंडपात, कुणाच्या बारशाला गेलं तरी तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली. क्रम काही लावलेला नाही, जसे आठवले तसे.

स्वेटर दुकानात मिळतंय की, मग हातानं कशाला विणायचं?

मिळतंय, आणि चांगलं मिळतंय. थंडी सुरू झाली की तिबेटी लोक स्वेटर घेऊन येतात, लुधियानाचा माल असतो, बऱ्यापैकी स्वस्तही पडतो. मी पण घेतलेत. पण आमच्या सासूबाईंचे खांदे एका बाजूला उतरलेत, त्यांना दुकानातलं काहीच नीट बसत नाही, आणि मी विणलेलं बसतं कारण मी एका बाजूला टाके कमी धरते. शिवाय हाताचं विणलेलं फाटलं तर तेवढाच भाग उसवून परत विणता येतो, कोपर गेलं तर बाही खालून काढायची. आणि खरं सांगायचं तर मला विणायला आवडतं, एवढं कारण पुरे आहे.

बेळगावात एवढी थंडी तरी कुठं असते?

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, सह्याद्री जवळ. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला दूध आणायला बाहेर पडा म्हणजे कळेल. आणि नुसती थंडीच धरू नका, जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा गारठा असतो तो पण धरा. कपडे वाळत नाहीत, अंगात ओल भरते, तेव्हा पातळ बिनबाह्यांचं स्वेटर जे काम करतं ते जाड जॅकेट करत नाही. खानापूरकडच्या लोकांना हे सांगायची गरज नाही.

विणताना वाचता कसं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. आधी एक सांगते, सगळं विणकाम वाचताना होत नाही आणि सगळं वाचन विणताना होत नाही. सुलट म्हणजे साधा सरळ टाका, उलट म्हणजे त्याचीच मागची बाजू; दोन्हीकडनं सुलट विणायचं असलं, मफलर किंवा ब्लँकेटचा मोठा साधा भाग, तर हात आपोआप चालतात, बोटांना टाका कळतो, डोळे पुस्तकात ठेवता येतात. एक ओळ सुलट एक ओळ उलट असली तरी जमतं, फक्त ओळ संपली की एकदा नजर टाकायची. वेणीची वीण किंवा जाळीची वीण असली तर पुस्तक बंद, तिथं कानच तेवढे मोकळे असतात.

कागदी पुस्तक उघडं राहायला लाकडी स्टँड घेतलाय, पोथी ठेवायचा असतो तसला, त्यावर दोन कपड्याचे चिमटे लावते. जाड दिवाळी अंक त्यावर मस्त बसतो. पण पान उलटायला दर वेळी सुया खाली ठेवाव्या लागतात, म्हणून कादंबऱ्या मी बऱ्याचशा किंडलवर वाचते, पान बोटाच्या मागच्या पेरानं पण उलटतं. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे यायला लागली, त्याआधी मराठी वाचायचं म्हणजे पीडीएफ झूम करत बसायचं. अक्षर मोठं करता येतं, ही वय वाढलेल्या लोकांसाठी फार मोठी सोय आहे, ज्यांनी चष्म्याचा नंबर वाढला म्हणून वाचन सोडलंय त्यांना हे कुणीतरी दाखवायला पाहिजे.

तिसरा मार्ग ऐकायचा. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकवणारं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं, तेव्हापासून मराठीत ऐकायला बरंच झालंय. ज्याचं ऑडिओबुक नाही ते फोनलाच वाचायला लावते. अँड्रॉइडमध्ये गूगलचा मराठी आवाज असतो, सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत गेलात की निवडलेला मजकूर वाचून दाखवायचा पर्याय सापडतो. आवाज थोडा सपाट आहे, कविता त्याच्याकडून ऐकू नका, पण लेख, प्रवासवर्णन, इतिहास चालतं. कविता मी विणताना वाचतच नाही. कवितेला दोन्ही हात मोकळे लागतात असं माझं मत आहे.

बसमध्ये विणता ते लोकांना लागत नाही काय?

गोल सुई वापरायची. दोन छोट्या सुया मधे वायरनं जोडलेल्या असतात, त्यामुळं कोपर बाहेर जात नाही आणि सुई खाली पडून सीटखाली गेली असंही होत नाही. कर्नाटक सरकारची शक्ती योजना २०२३ च्या जूनमध्ये सुरू झाली, बायकांना सरकारी बस फुकट झाली, तेव्हापासून खानापूर बसला उभं राहायला पण जागा नसते, उभ्यानं विणायचा नाद मी करत नाही. तेव्हा कानात पुस्तक.

पुस्तकं कुठून आणता?

सार्वजनिक वाचनालयाची मेंबरशिप आमच्या घरात आधीच्या पिढीपासून आहे. १८४८ साली सुरू झालेलं वाचनालय आहे ते, नवीन पोरांना सांगितलं की खरं वाटत नाही. तिथं जाऊन कपाटासमोर उभं राहून पुस्तक निवडायचं जे आहे ते कुठल्याच ॲपमध्ये होत नाही, कारण ॲप तुम्ही जे वाचलंय त्याच्यासारखंच पुढं दाखवतं आणि कपाटात शेजारचं पुस्तक भलतंच निघतं.

दुसरं म्हणजे संमेलनं. आमच्या सीमाभागात थंडीत गावोगावी मराठी साहित्य संमेलनं होतात, कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी, बेळगुंदी. गावातली माणसं वर्गणी काढून भरवतात, सकाळी ग्रंथदिंडी निघते, लेझीम असते, नऊवारी नेसलेल्या पोरी पालखीपुढं असतात, आणि मंडपाच्या कडेला पुस्तकांचे स्टॉल. १९४६ चं अखिल भारतीय संमेलन बेळगावात झालं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथंच झाला, ते सगळ्यांना माहीत असतं. पण मला विचाराल तर दरवर्षी शेतात मंडप घालून भरणारी ही गावातली संमेलनं तेवढीच मोठी आहेत. वर्षाची निम्मी पुस्तकखरेदी माझी तिथंच होते.

तिसरं, फुकट आणि कायदेशीर. भारतात लेखक वारल्यावर ६० वर्षांनी त्याच्या लिखाणावरचा कॉपीराइट संपतो, वारल्याच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ही ६० वर्षं मोजतात. असलं जुनं मराठी साहित्य विकिस्रोतवर टाईप होऊन येतंय, स्वयंसेवक टाईप करतात, आणि मराठी विश्वकोश तर सगळाच ऑनलाईन आहे. व्हॉट्सॲपवर नवीन पुस्तकांच्या पीडीएफ फिरतात त्या मला पाठवू नका, मी उघडत नाही. मराठीत लिहून पोट भरणारी माणसं मोजकी आहेत, त्यांचं पुस्तक विकत घ्या नाहीतर लायब्ररीतून आणा.

संमेलनात भाषण चालू असताना विणणं बरं दिसतं काय?

दिसतं. मी पहिल्या रांगेत बसत नाही इतकंच. हात चालू असले की माझं लक्ष जास्त लागतं, आणि शेजारची बाई हमखास विचारते काय करायलीस गे, मग दोघींची ओळख होते.

सुयांच्या नंबरचा घोळ काय आहे?

घोळ असा की आपल्याकडं दुकानात सुई नंबरवर मिळते आणि तो नंबर जुना ब्रिटिश आहे. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. १२ नंबर म्हणजे पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास, १० नंबर सव्वातीन, ८ नंबर बरोबर ४ मिलिमीटर, ६ नंबर ५ मिलिमीटर. अमेरिकन नंबर उलटे चालतात, नंबर वाढला की सुई जाड. त्यांची ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ६ मिलिमीटर. आता यूट्यूबवरची अमेरिकन बाई म्हणते ८ नंबरची सुई घ्या आणि तुम्ही गणपत गल्लीत जाऊन ८ नंबर मागता, तर एक मिलिमीटरचा फरक पडला, आणि एक मिलिमीटर विणकामात फार असतो. म्हणून नंबर विसरा, मिलिमीटर बघा. सुईवर मिलिमीटर लिहिलेलं नसेल तर दहा-वीस रुपयांची प्लॅस्टिकची भोकाची पट्टी मिळते ती घ्या, नाहीतर घरात कुणाकडं व्हर्नियर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, असेल तर उत्तमच. उद्यमबागेत काम करणारं माणूस प्रत्येक गल्लीत एक तरी आहे, व्हर्नियर मिळेल.

क्रोशाचं पण लक्षात ठेवा, अमेरिकन सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिश डबल क्रोशे. व्हिडिओ कुठल्या देशाचा ते आधी बघून घ्यायचं.

व्हिडिओत सांगितले तेवढेच टाके घातले तरी स्वेटर लहान झालं, असं कसं?

कारण तुमचा हात आणि तिचा हात वेगळा. कुणी घट्ट विणतं, कुणी सैल. म्हणून सुरुवातीला १५ सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा विणायचा, धुऊन वाळवायचा आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी येतात ते मोजायचं. कडेला मोजू नका, कडेचे टाके ताणलेले असतात.

हिशोब बघा. पॅटर्नमध्ये, म्हणजे ओळीवार लिहिलेल्या विणीच्या कृतीत, १० सेंटिमीटरला २२ टाके धरलेत आणि छाती ९६ सेंटिमीटर पाहिजे, तर २११ टाके घालायला सांगितलेले असतात. तुमच्या हाताला १० सेंटिमीटरला २४ टाके येतात. तेच २११ टाके घातलेत तर छाती होणार ८८ सेंटिमीटर. दोन टाक्यांचा फरक, आणि स्वेटर ८ सेंटिमीटरनं लहान. यात तुमचं विणकाम वाईट आहे असं अजिबात नाही, फक्त आकडा दुसऱ्याच्या हाताचा आहे. एकतर एक साईज जाड सुई घ्या नाहीतर टाके तुमच्या हिशोबानं २३० घाला.

धुऊन वाळवायचं का, तर लोकर धुतल्यावर पसरते. ॲक्रिलिक म्हणजे कृत्रिम धागा फारसा बदलत नाही पण त्याला गरम इस्त्री लावायची नाही, धागा वितळून चपटा होतो आणि मग तो परत कधी उठत नाही. खरी लोकर गरम पाण्यात चोळली तर आटून नमदा होतो. थंड पाणी, न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबायचं, आडवं वाळवायचं.

विणकाम आणि कॉम्प्युटर यांचा काय संबंध? तुम्हाला दोन्ही कसं काय आवडतं?

मला हे दोन वेगळे छंद वाटतच नाहीत. आमच्या कारखान्यात सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या सूचनांवर चालणाऱ्या, मशीनवर पोरं प्रोग्रॅम टाकतात, एकेक ओळ, मशीन ती ओळ वाचतं आणि तेवढंच करतं, मग पुढची ओळ. एकाच कामाचा तुकडा दहा वेळा करायचा असेल तर दहा वेळा लिहीत नाहीत, एकदा लिहून इतक्यांदा कर असं सांगतात. आता पॅटर्न बघा, कंसात दोन सुलट दोन उलट, बाहेर लिहिलेलं ओळ संपेपर्यंत. एकच गोष्ट आहे. एका नवीन ऑपरेटरला मी माझा पॅटर्न दाखवला तर त्यानं पाच मिनिटांत वाचून दाखवला, आयुष्यात सुई न धरता.

टाके पण दोनच, सुलट आणि उलट, आणि तेही मुळात एकच, पुढनं सुलट दिसतो तोच मागनं उलट दिसतो. एवढ्यावर सगळं उभं आहे. विणमागावर तर हे प्रत्यक्ष बघायला मिळतं. वडगाव, शहापूर, खासबागमध्ये साड्यांच्या मागावर जॅकार्ड बसवलेलं असतं, भोकं पाडलेले पुठ्ठे एकामागे एक फिरतात, भोक असेल तिथं धागा उचलला जातो, नसेल तिथं नाही. जॅकार्डनं हे फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास केलं, आणि पुठ्ठ्यावर भोकं पाडून यंत्राला सूचना द्यायची ही कल्पना पुढं कॉम्प्युटरवाल्यांनी उचलली. एडा लव्हलेस या गणिती बाईनं १८४३ मध्ये चार्ल्स बॅबेजच्या गणकयंत्राबद्दल लिहिताना जॅकार्डच्या मागाचाच दाखला दिलाय. वडगावातल्या गल्लीतनं जाताना मागाचा आवाज येतो तेव्हा माझ्या डोक्यात हे हमखास येतं, की आपल्या दारात कॉम्प्युटरचा पूर्वज चालू आहे आणि तो चालवणाऱ्याला कुणी कॉम्प्युटरवाला म्हणत नाही.

आणि वाचनाचा संबंध तर सरळ आहे. विणलेलं कापड वाचता आलं पाहिजे. पॅटर्न वाचणं निम्मं काम, सुईवर जे तयार झालंय ते वाचणं बाकीचं निम्मं. सुलट टाका इंग्रजी व्ही सारखा दिसतो, उलट टाका आडव्या गाठीसारखा. हे डोळ्यात बसलं की कुठल्या ओळीवर आहे हे ओळी मोजायच्या काउंटरला विचारावं लागत नाही, कापडच सांगतं. मी कुणालाही शिकवताना सगळ्यात आधी हे शिकवते आणि व्हिडिओ सगळ्यात शेवटी दाखवते.

कुठली ॲप वापरता?

रॅव्हलरी. २००७ पासून चालू आहे, जेसिका आणि कॅसिडी फोर्ब्ज या जोडप्यानं सुरू केलं, जगातले पॅटर्न तिथं सापडतात, बरेच फुकट पण आहेत. माझ्याकडं किती लोकर आहे, कुठल्या रंगाची, हे सगळं तिथं लिहून ठेवलंय, त्यामुळं दुकानात उभं राहून हा निळा घरात आहे का असा प्रश्न पडत नाही. मोठ्या चार्टसाठी, म्हणजे चौकटींत चिन्हं काढून दिलेल्या पॅटर्नसाठी, निटकम्पॅनियन, चालू ओळीवर पट्टी सरकवता येते.

रंगीत नक्षीसाठी मी गूगल शीट वापरते आणि इथं एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगते. शीटचा चौकोन सारखा ठेवून चित्र काढलंत तर विणल्यावर चित्र चपटं होतं, कारण टाका चौकोनी नसतोच, उंचीपेक्षा रुंदी जास्त असते. १० सेंटिमीटरला २२ टाके आणि ३० ओळी येत असतील तर शीटमध्ये कॉलमची रुंदी ३० आणि ओळीची उंची २२ ठेवायची, मग पडद्यावर दिसतंय तसंच विणून येतं. तुमच्या तुकड्यातले आकडे उलटे करून टाकायचे, बस्स.

जपानी चार्ट सगळे चिन्हांत असतात, भाषा न येता वाचता येतात, वर काही ओळी असतील तर फोनचा कॅमेरा धरून भाषांतर बघायचं.

एआयला सांगितलं तर तो पॅटर्न देतो की.

देतो. आणि वाचायला इतका छान असतो की विश्वास बसतो. जॅनेल शेन नावाच्या संशोधिकेनं २०१८ च्या सुमारास रॅव्हलरीवरच्या विणणाऱ्यांनी दिलेले पॅटर्न एका न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरनं शिकणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला, शिकवले, स्कायनिट नाव त्याचं, आणि त्यातनं जे निघालं ते त्याच बायकांनी विणून बघितलं, चित्रविचित्र वस्तू तयार झाल्या. आताचे मॉडेल खूप पुढं गेलेत, पॅटर्न समजावून घ्यायला, इंग्रजी शॉर्टफॉर्म उलगडायला मी रोज वापरते आणि उपयोग होतो. पण आकड्यांची खात्री स्वतः करायची. प्रत्येक ओळीची बेरीज करा, आधीच्या ओळीत किती टाके होते, यात किती कमी झाले, किती राहिले. बेरीज जुळली तरच सुई उचला. आणि क्रोशाच्या बाहुल्यांचे जे गोड गोड फोटो फिरतात त्यातले बरेच एआयचे असतात, नीट बघितलं तर टाकाच नसतो कुठं, नुसतं लोकरीसारखं काहीतरी. असा पॅटर्न पैसे देऊन घेऊ नका, ज्यानं विणून बघितलंय त्याचाच घ्या.

ती पावसाची शाल काय भानगड आहे?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून जरा जास्त लिहिते. परदेशात तापमानाचं ब्लँकेट विणतात, रोज एक ओळ, त्या दिवशीच्या तापमानाप्रमाणं रंग. आपल्याकडं तापमानापेक्षा पाऊस विणण्यासारखा आहे. १ जून ते ३० सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस, रोज दोन ओळी, दोन्हीकडनं सुलट, म्हणजे २४४ ओळी. ४ मिलिमीटर सुईवर या विणीला १० सेंटिमीटरमध्ये साधारण ४४ ओळी बसतात, तेव्हा रुंदी येते ५५ सेंटिमीटर, शालीला बरोबर. लांबी १६० सेंटिमीटर धरली तर ३५२ टाके, ते साध्या सुईवर मावत नाहीत, लांब वायरची गोल सुई घ्यायची.

रंग ठरवायला हवामान खात्याचीच वर्गवारी घेतली. हलका पाऊस म्हणजे १५.५ मिलिमीटरपर्यंत, मध्यम ६४.४ पर्यंत, ६४.५ पासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.५ पासून पुढं अत्यंत जोरदार. कोरड्या दिवसाला मी मातकट रंग घेतला, हलक्याला पोपटी, मध्यमला गडद हिरवा, जोरदारला राखाडी, अति जोरदारला निळा, आणि सगळ्यात वरच्याला काळा. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा असतो, म्हणून आकडा बघून मी सकाळी ऑफिसला जायच्या आधी दोन ओळी विणते. आकडे शीटमध्ये भरले की सेलचा रंग आपोआप बदलतो, तसं सेटिंग करून ठेवलंय, त्यामुळं शाल विणायच्या आधीच पडद्यावर दिसते.

एकीनं विचारलं बेळगावची शाल आणि कणकुंबीची शाल सारखीच होईल काय. कुठली होणार! अंतर तासा-दीड तासाचं, पण कणकुंबी घाटमाथ्यावर, मलप्रभा तिथंच उगम पावते, तिथल्या जुलैत मातकट रंग शोधून सापडणार नाही. दोन्ही शाली शेजारी ठेवल्या तर भूगोलाच्या पुस्तकातलं पर्जन्यछायेचं अख्खं प्रकरण समोर दिसेल, आणि पूर्वेला अथणीची तिसरी विणली तर अजूनच. शाळेतल्या बाईंनी हे पोरांकडून कागदावर रंगवून घेतलं तरी चालेल, लोकरच पाहिजे असं नाही. जुने आकडे मिळवून मागचं वर्ष पण विणता येतं. २०१९ चा ऑगस्ट ज्यांनी बघितलाय, ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांना त्या आठवड्याचे पट्टे बोट ठेवून ओळखता येतील.

पावसाळ्यात लोकर आणि पुस्तकं कशी सांभाळता?

दोन्हीचा शत्रू ओल. खऱ्या लोकरीला कपड्यातली कीड लागते, ॲक्रिलिकला लागत नाही, कारण त्या अळीला प्राण्याचे केस लागतात खायला. पुस्तकांना कसर लागते, तिला खळ आणि कागद आवडतो. मी लोकर धुऊन खडखडीत वाळवून मगच झाकणाच्या डब्यात ठेवते, औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या नाहीत, त्या डब्यात घालायच्या. पुस्तकं भिंतीला चिकटवून लावू नका, मागं चार बोटं जागा सोडा, आणि ऊन पडलं की कपाट उघडं ठेवा. गौरी-गणपतीची झाडलोट करताना सगळी खाली काढून पुसते, तेवढ्यात न वाचलेली पण सापडतात.

घोंगडीची लोकर विणायला चालते काय?

दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि जाडीभरडी, काळी-करडी असते. गोकाक, रायबाग, अथणीकडं धनगर-कुरुबांचे कळप बघितलेत ना, त्याच मेंढ्या. घोंगडी मागावर विणतात, उभ्या धाग्याला चिंचोक्याची खळ लावून कडक करतात. सुईवर ती लोकर विणता येते पण अंगाला टोचते, स्वेटर करू नका. पिशवी, आसन, लॅपटॉपचं कव्हर, याला तिच्यासारखी लोकर नाही, वर्षानुवर्षं जात नाही. माझं लॅपटॉपचं कव्हर तिचंच आहे.

पॅटर्न मराठीत का लिहिता? इंग्रजीत लिहिलं तर जास्त लोक वाचतील.

इंग्रजीत लाखो पॅटर्न आहेत, तिथं माझ्यावाचून काही अडलेलं नाही. मराठीत टाईप केलेले, शोधल्यावर सापडणारे, ओळीवार हिशोब जुळलेले पॅटर्न किती आहेत ते तुम्हीच शोधून बघा.

आपल्याकडं विणकाम होतं आणि भरपूर होतं. महिलांच्या जुन्या मासिकांत विणीचे नमुने यायचे, बायका ते वहीत उतरवून घ्यायच्या. बेळगावात तर मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर असल्यामुळं कॅम्पात सगळ्या देशातल्या मिलिटरीवाल्यांच्या बायका येऊन गेल्या, पंजाबी, गढवाली, डोगरी, त्यांच्याकडून आमच्या मावश्या-काकूंनी विणी शिकल्या. माझ्या शेजारच्या कानडी अक्कांना जी पानाची वीण येते ती त्यांना अशाच एका बाईनं शिकवली. ती कुठंच लिहिलेली नाही. अक्कांच्या बोटात आहे.

तर मी काय करते, फोन मधे ठेवते आणि बोलून टाईप करायचं चालू करते. गूगलनं २०१७ मध्ये मराठी आणि कानडी दोन्हीचं व्हॉइस टायपिंग आणलं. अक्का विणता विणता मोठ्यानं सांगतात, अर्धं कानडी अर्धं मराठी, मी भाषा बदलत राहते, मग घरी येऊन ते साफ करते, तुकडा विणून बेरीज जुळवते आणि परत त्यांना वाचून दाखवते. शॉर्टफॉर्म ठरवून घेतलेत, सु म्हणजे सुलट, उ म्हणजे उलट, २एसु म्हणजे दोन टाके एकत्र सुलट, धापु म्हणजे धागा पुढं घेऊन जाळी पाडायची. तुम्हाला दुसरे सोयीचे वाटत असतील तर ते वापरा, फक्त पॅटर्नच्या वर यादी द्या.

तुमच्या घरात आजी असेल, आत्या असेल, तिला एखादी वीण येत असेल तर या आठवड्यात जाऊन लिहून आणा. फोटो काढा, पुढनं आणि मागनं दोन्हीकडनं, खाली सपाट ठेवून, शेजारी पट्टी ठेवून. आणि युनिकोडमध्ये टाईप करा, वहीचा फोटो काढून ठेवलात तर तो नंतर शोधायला मिळत नाही. हे काम मला मनापासून महत्त्वाचं वाटतं, बाकी सगळे प्रश्न याच्या मागनं.

डोळे दुखत नाहीत?

काळी लोकर रात्री विणत नाही. दुखत नाहीत.

मला अजिबात येत नाही, पहिलं काय विणू?

मफलर सगळे सांगतात, पण नवीन माणूस मफलर अर्ध्यात टाकून देतं कारण तो संपतच नाही. सुलट, उलट आणि दोन टाके एकत्र एवढं शिकून कानटोपी घ्या, लवकर होते आणि घरात कुणाला तरी बसतेच. हा घ्या पॅटर्न.

मोठ्या माणसाची टोपी, डीके म्हणजे मध्यम जाडीची लोकर ५० ते १०० ग्रॅम, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुया, १० सेंटिमीटरला २२ टाके आले पाहिजेत. ११० टाके घाला.

बॉर्डर: पहिली ओळ (२सु, २उ) हे कंसातलं २७ वेळा, शेवटी २सु. दुसरी ओळ (२उ, २सु) २७ वेळा, शेवटी २उ. या दोन ओळी ५ सेंटिमीटर होईपर्यंत.

मग एक ओळ सगळी सुलट, एक ओळ सगळी उलट, असं टोपी एकूण १४ सेंटिमीटर होईपर्यंत, उलट ओळीवर थांबा.

आता वरचा भाग. १सु, (१०सु, २एसु) ९ वेळा, १सु. राहिले १०१ टाके. पुढची ओळ सगळी उलट. मग १सु, (९सु, २एसु) ९ वेळा, १सु, राहिले ९२. परत उलट. असं दर सुलट ओळीला कंसातला आकडा एकानं कमी करत जायचं, प्रत्येक वेळी ९ टाके कमी होतात, ८३, ७४, ६५, ५६, ४७, ३८, २९, २०. शेवटच्या सुलट ओळीला कंसात नुसतं २एसु उरतं. त्यानंतर सुईवर ११ टाके पाहिजेत, मोजा. ११ नसतील तर मागच्या ओळी वाचत खाली या, ९ च्या जागी ८ किंवा १० कमी झालेली ओळ सापडेल.

धागा दोन हात लांब ठेवून कापा, जाड सुईत ओवून अकराही टाक्यांतून काढा, ओढून घट्ट करा, त्याच धाग्यानं कडेची शिवण वरून खाली घाला. बॉर्डरजवळ टोक आतल्या बाजूला चार टाक्यांत लपवून कापून टाका.